'पर्यंत'ला जागा हवी

मजकूर मालकाला पसंत पडला, फोटो आले, बजेट ठरलं, "मॅडम, आज लागंल का जाहिरात?" असा फोनही येऊन गेला, की मी सगळं बाजूला सारून अक्षरं मोजायला बसते. घरातल्यांना हे कारकुनी काम वाटतं. मला ते जाहिरात लिहिण्याइतकंच, काही वेळा त्याहून जास्त मोलाचं वाटतं. का वाटतं, ते एकदा सविस्तर लिहायचं मनात होतं.

मी लातुरात राहते आणि इथल्या व आसपासच्या जिल्ह्यांतल्या व्यापाऱ्यांच्या ऑनलाइन जाहिराती करते. कापड दुकान, डाळ मिल, शिकवणी वर्ग, कृषी सेवा केंद्र, प्लॉटिंगवाले, उन्हाळ्यात आंबा घरपोच देणारे बागायतदार. यांतल्या बहुतेकांची जाहिरातीशी पहिली ओळख पत्रकातून झालेली. गंजगोलाईच्या बाजारपेठेत एखाद्या डीटीपी सेंटरवर जायचं, पत्रकं छापून घ्यायची आणि पेपरात टाकून घरोघरी पोचवायची. पत्रकात जागेची चणचण कधी भासत नाही. वर 'श्री गणेशाय नमः', खाली मालाची अख्खी यादी, तिन्ही भावांचे मोबाइल नंबर, दुकानासमोर कोणती बँक आहे तेही. नाहीच मावलं तर ऑपरेटर फॉन्ट बारीक करतो. त्यामुळे ऑनलाइन जाहिरातीत मजकूर बसत नाही म्हटलं, की पहिलं उत्तर ठरलेलं असतं: "बसंना तर फॉन्ट बारीक करा की."

तो बारीक करता येत नाही. गूगलच्या सर्च जाहिरातीत एका शीर्षकाला ३० अक्षरं आणि एका वर्णनाला ९०. शीर्षकं १५ पर्यंत आणि वर्णनं ४ पर्यंत देता येतात, पण वाचणाऱ्याला एका वेळी जास्तीत जास्त तीन शीर्षकं आणि दोन वर्णनं दिसतात. खाली ज्या जादा लिंक देता येतात त्यांच्या नावाला २५. यालाही ऐसपैस म्हणायचं, कारण २०१६ च्या आधी शीर्षकाला २५ आणि वर्णनाच्या दोन ओळींना प्रत्येकी ३५ एवढंच मिळायचं. मर्यादेच्या पुढे एक चिन्ह गेलं तरी मजकुराच्या चौकटीखालचा मोजणीचा आकडा लाल होतो आणि जाहिरात पुढे सरकत नाही. फेसबुक-इन्स्टाग्रामची रीत वेगळी. तिथे मजकूर लांबला तरी कुणी अडवत नाही, पण साधारण सव्वाशे अक्षरांनंतर तो मुडपला जातो आणि 'आणखी पहा' येतं. मला अडवणारी रीत जास्त बरी वाटते. ती निदान सांगते तरी. मुडपणारी रीत लिहिणाऱ्याला काहीच कळू देत नाही. काय दिसलं आणि काय झाकलं गेलं ते फक्त वाचणाऱ्याला ठाऊक.

एका साडीच्या दुकानाची ओळ सांगते. मालकांनी दिली होती: 'पैठणी साड्यांवर ५० टक्क्यांपर्यंत सूट'. वाचायला केवढीशी. मोजली तर ३७, म्हणजे सात जास्त. दुकानातल्या पोराने फोनवरच तोडगा काढला: 'पैठणी साड्यांवर ५०% सूट'. २३. बसली.

बसली खरी, पण ५० टक्के सूट होती जुन्या साठ्यातल्या मोजक्या साड्यांवर. नव्या मालावर दहाच टक्के. 'पर्यंत' होतं तोवर ओळ खरी होती, ते गेलं आणि ओळ खोटी झाली. कुणाच्या मनात फसवायचं नव्हतं. जागा पुरत नव्हती, म्हणून सगळ्यात बिनमहत्त्वाचा दिसणारा शब्द काढला गेला. आता निलंग्याची नाहीतर रेणापूरची कुणी बाई लेकीचा बस्ता बांधायचा म्हणून हा आकडा वाचून एसटीने येणार, साडी पसंत करणार, आणि बिल होताना तिला कळणार की या साडीवर दहाच टक्के आहेत. सोबत आलेल्या सोयऱ्यांसमोर तिने पैसे मोजून ठेवलेले. त्या बाईचं काय होतं, ते माझ्या डोळ्यांपुढे येतं आणि माझा हात पुढे सरकत नाही.

दहा मिनिटं बसलं तर वाट सापडते. पैठणी ही साडी असते हे मराठवाड्यात कुणाला सांगावं लागत नाही. पैठण आमच्याच भागातलं. मग 'साड्यां' कशाला? 'पैठणीवर ५०% पर्यंत सूट'. पैठणीवर ७, मोकळी जागा १, ५०% ३, जागा १, पर्यंत ६, जागा १, सूट ३. एकूण २२. खरी ओळ खोट्या ओळीपेक्षा एका चिन्हाने लहान निघाली!

असं दर वेळी होत नाही, हेही सांगायला हवं. पण इतक्या वेळा होतं, की 'जागा नव्हती' हे कारण मी आता सहसा मान्य करत नाही. मर्यादेचा घाव कायम त्याच शब्दांवर बसतो: पर्यंत, पासून, निवडक, फक्त, साठा असेपर्यंत. लिहिणाऱ्याला ते भरतीचे वाटतात, कारण त्याला जाहिरातीतला आकडा प्रिय असतो. गिऱ्हाइकाच्या खिशातले पैसे मात्र याच शब्दांवर ठरतात. म्हणून माझा क्रम उलटा आहे. आधी हे शब्द बसवायचे, मग उरलेल्या जागेत 'भव्य', 'खास', 'सुवर्णसंधी' काय मावतं ते बघायचं. बहुतेकदा काही मावत नाही, आणि त्याने विक्री अडल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

आता मोजायचं कसं, हे जरा नीट सांगते, कारण घोळ इथेच होतात. शाळेत आपण 'स्त्री' हे एक अक्षर धरलं. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणक ज्या पद्धतीने लिपी साठवतो तीत, ती सहा चिन्हं आहेत: स, पाय मोडल्याची खूण, त, पुन्हा ती खूण, र आणि दीर्घ वेलांटी. काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार, प्रत्येकाला आपापला स्वतंत्र क्रमांक आहे आणि चौकटीत प्रत्येकाची जागा मोजली जाते. चिनी, जपानी, कोरियन अक्षर गूगल दोन धरतं. आपलं एक चिन्ह एकच धरलं जातं, पण आपल्या एका जोडाक्षरात चिन्हंच तीन-चार असतात. म्हणून बोटांवर मोजून "वीसच भरतात" म्हणणारे दुकानदार आणि चौकटीखाली ३४ दाखवणारा आकडा, दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात. अक्षरं मोजून देणारी काही साधनं जोडाक्षराला एकच धरतात, त्यांच्यावर विसंबून चालत नाही. एक्सेल किंवा गूगल शीटमधलं 'लेन' हे सूत्र चिन्हागणिक मोजतं. मी त्याचीच एक शीट करून ठेवलीय: एका रकान्यात ओळ, शेजारी आकडा, त्याच्या शेजारी मर्यादा.

काही चिन्हं तर दिसतही नाहीत. 'ॲडमिशन' घ्या. शिकवणी वर्गांच्या जाहिरातीत हा शब्द हटकून येतो. त्यातला ॲ एकाच चिन्हाने लिहिता येतो. युनिकोडमध्ये ते चिन्ह २००८ मध्ये आलं. त्याआधीची सवय अशी की 'अ' लिहायचा, एक न दिसणारा जोडक टाकायचा आणि वर चंद्र द्यायचा. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. मोजणीत पहिला एक, दुसरा तीन. तोच शब्द एकीकडे सहा भरतो, दुसरीकडे आठ. 'प्रवेश'ही सहाच भरतो बरं का. इंग्रजी शब्द वापरला की जागा वाचते हा समज इथे टिकत नाही. 'डिस्काउंट' नऊ, 'सवलत' चार, 'सूट' तीन.

तीच गत 'शेतकऱ्यांसाठी'ची. सरळ ऱ वापरला तर १३. काही कीबोर्ड र खाली नुक्ता, म्हणजे टिंब, देऊन तो तयार करतात, तेव्हा १४. जुन्या डीटीपी फॉन्टमधून युनिकोडमध्ये बदललेल्या मजकुरात र, पाय मोडल्याची खूण आणि तो अदृश्य जोडक असा ऐवज असतो, तेही १४. कुणाच्या तरी जुन्या पत्रकाची फाइल कन्व्हर्टरमधून काढून व्हॉट्सॲपवर येते, मी ती चौकटीत चिकटवते आणि आकडा अचानक एक-दोनने पुढे जातो. अशा वेळी शब्द कापायला धावायचं नाही. ती ओळ पुसून आपल्या हाताने पुन्हा टाइप करायची. कित्येकदा तेवढ्यानेच बसते.

गूगलने आपल्या जाहिरात व्यवस्थेत मराठीला जागा दिली २०१८ मध्ये. म्हणजे या चौकटींत आपली भाषा तशी नवीच. मराठी वाक्याची ठेवण आणि या चौकटी यांचं मुळातच एका ठिकाणी जुळत नाही, आणि माझ्या मते या कामातली सगळ्यात जपण्याची गोष्ट तीच आहे. आपल्याकडे वाक्याचा निकाल शेवटी लागतो. 'आहे' की 'नाही', 'मिळेल' की 'मिळणार नाही', हे सगळं शेपटाला. आणि मजकूर कापला जातो तोही नेमका शेपटाकडून. जुन्या दुकानांच्या पाटीवर अभिमानाने लिहिलेलं असतं, 'आमची कुठेही शाखा नाही'. त्यातलं शेवटचं 'नाही' झाकलं गेलं की उरतं 'आमची कुठेही शाखा…'. एका किराणा दुकानाच्या पोस्टमध्ये अगदी हेच व्हायला निघालं होतं. मजकुराचं शेवटचं वाक्य होतं, 'शहराबाहेर डिलिव्हरी मिळणार नाही', आणि फोनवर पूर्वदृश्य पाहिलं तर ते 'शहराबाहेर डिलिव्हरी मिळ…' इथे थांबत होतं. औशाच्या, मुरुडच्या लोकांनी ऑर्डरी दिल्या असत्या आणि त्यांचं काही चुकलं नसतं. आम्ही ते वाक्य उचलून पहिलं केलं: 'डिलिव्हरी फक्त लातूर शहरात'. नकार होकारात बदलला, मर्यादा सांगणारा शब्द पुढे आणला. आता कुठेही कापा, सांगायचं ते सांगून झालेलं असतं.

म्हणून मर्यादेत बसलेल्या मजकुरालाही मी सोडत नाही. प्रत्येक ओळ शेवटून एक-एक शब्द झाकत वाचते. झाकल्यावर अर्थ अपुरा राहिला तर चालतं. उलटा झाला तर ओळ पुन्हा लिहायची.

एसएमएसचा हिशेब याहून कडक, कारण तिथे जादा अक्षराचे रोख पैसे पडतात. पेरणीच्या तोंडावर कृषी सेवा केंद्रवाले शेतकऱ्यांना एसएमएस करतात. गावात नेट असो नसो, तो पोचतो. एका संदेशात १४० बाइट मावतात. रोमन लिपीत त्यात १६० अक्षरं बसतात, देवनागरीत ७०. एकाहत्तरावं चिन्ह आलं की दोन संदेश धरले जातात, आणि जोडायची माहितीही सोबत जात असल्याने मग प्रत्येकी ६७ च उरतात. रोमन मजकुरात एकच देवनागरी अक्षर घुसलं तरी अख्खा संदेश सत्तरच्या हिशेबात जातो. २०१० मध्ये आलेलं रुपयाचं चिन्हही तसंच. १६० चा हिशेब ज्या मूळ अक्षरसंचाला लागतो, त्यात ते नाही. एका दुकानाचं बिल दुप्पट का आलं याचा शोध घेतला तेव्हा प्रत्येक संदेशात किमतीआधी ते चिन्ह सापडलं होतं.

अनुदानाच्या बियाण्यासाठी आम्ही तयार केलेला संदेश असा: 'सोयाबीन बियाणे आले आहे. येताना सातबारा व आधार कार्ड आणावे. वेळ ९ ते ६.' बरोबर ७०. मालक म्हणाले, "दुकानाचं नाव राहिलं की." नाव तर हवंच, कुणी पाठवलं हे कळल्याशिवाय शेतकरी घर सोडणार नाही. "मग ते सातबाऱ्याचं काढून टाका, आल्यावर सांगू त्यांना." हे मात्र मी ऐकलं नाही. जूनमध्ये वापसा आलेला, म्हणजे जमीन पेरणीजोगी झालेली असताना एक दिवस खाडा करून, चाळीस किलोमीटरवरून आलेल्या माणसाला कागदासाठी परत पाठवायचं? त्याची पेरणी तेवढ्याने मागे पडते. 'येताना' काढलं, 'कार्ड' काढलं. नुसतं 'आधार' म्हटलेलं सगळ्यांना कळतं. त्यांच्या लगतच्या मोकळ्या जागा धरून १३ चिन्हं सुटली. नाव बसलं, सातबारा राहिला.

गावांच्या नावांनीही हिशेब बदलतो. 'बीड' तीन, 'लातूर' पाच, 'अंबाजोगाई' नऊ. २०२३ मध्ये दोन जिल्ह्यांची नावं बदलली तेव्हा जुन्या जाहिराती उघडून सगळी शीर्षकं पुन्हा तपासावी लागली. 'उस्मानाबाद' १० होतं, 'धाराशिव' ७. 'औरंगाबाद' ८ होतं, 'छत्रपती संभाजीनगर' मधल्या जागेसह १७. तिसात सतरा गेल्यावर तेरा उरतात. 'छ. संभाजीनगर' लिहिलं तर १२ भरतात, पण शक्य तिथे मी पूर्ण नाव एका शीर्षकात एकटं ठेवते आणि मालाचं बोलणं दुसऱ्यात करते.

कायद्याचं थोडक्यात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात अटी आणि खुलासे ज्या भाषेत दावा केलाय त्याच भाषेत हवेत, आणि अक्षरांचा ठसाही दाव्याचाच हवा, असं म्हटलंय. आमच्याकडे सर्रास दावा मराठीत आणि अट इंग्रजीत बारीक असते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केलं तर ५० लाखांपर्यंत. प्लॉटच्या जाहिरातीत महारेराचा, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक आणि संकेतस्थळाचा पत्ता द्यावाच लागतो. तो क्रमांक लांबलचक असतो आणि त्याने 'निसर्गरम्य परिसर' बाहेर जातो. जाऊ द्यावा. आयुष्यभराची पुंजी घालून प्लॉट घेणाऱ्या शिक्षकाला, एसटीतल्या कंडक्टरला तो क्रमांक टाकून प्रकल्प तपासता येतो. निसर्ग तो स्वतः जाऊन बघेल.

गूगलच्या शीर्षकांबाबत आणखी एक गोष्ट, जी आकडा लाल नसला तरी सुटते. दिलेल्या शीर्षकांतली कोणती, कुठल्या क्रमाने दाखवायची हे यंत्रणा ठरवते. एका डाळ मिलने पहिल्या शीर्षकात भाव दिला होता आणि दुसऱ्यात लिहिलं होतं, 'किमान ३० किलो घेतल्यास'. दोन्ही ३० च्या आत. पण भाव दिसेल तेव्हा अट शेजारी दिसेलच याची हमी नाही. शीर्षक ठरावीक जागी पिन करता येतं, तो एक उपाय. मला दुसरा बरा वाटतो: भाव आणि अट एकाच ओळीत. मालकांनाच विचारलं, तुम्ही गिऱ्हाइकाला तोंडाने काय सांगता? "कट्ट्याचा भाव सांगतो." म्हणजे तीस किलोच्या पोत्याचा. झालं. 'तूरडाळ कट्टा, १५० रु. किलो'. २६. डाळ घेणाऱ्या घरात कट्टा म्हणजे काय हे सगळ्यांना माहीत आहे, आणि सुट्टी दोन किलो घ्यायला येणाऱ्याला हा भाव आपला नाही हे वाचतानाच कळतं.

सध्या समोर आंब्याची जाहिरात आहे. मराठवाडा केसर आंब्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामुळे बागायतदारांना 'मराठवाडा' शब्द हवाच आहे आणि तो मागायचा त्यांना पूर्ण हक्क आहे. 'मराठवाडा केसर आंबा घरपोच' २४ भरतात. पण घरपोच फक्त लातुरात आहे, आणि ते याच शीर्षकात यायला हवं. 'लातुरात' घातलं की तिसाच्या पुढे जातं. 'केसर आंबा, लातुरात घरपोच' बसतं, पण त्यात मराठवाडा नाही. 'मराठवाडा केसर, लातुरात घरपोच' २८. यात 'आंबा' गेलाय. जाहिरात लातूर आणि आसपासच दिसणार आहे, आणि मे महिन्यात इथे केसर म्हटल्यावर दुसरं काही कुणाच्या मनात येणार नाही, असं मला वाटतं. तरी वर्णनाच्या पहिल्या दोन शब्दांत 'झाडावरचा आंबा' घेतलाय. बागायतदार म्हणाले, संध्याकाळी पेट्या भरून झाल्या की बोलू, मग लावू.